सीमाभागात राहून ऑनलाइन लेखनाची सशुल्क कामे कशी मिळवावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी माध्यमातून शिकलेल्या, शाळेत आणि बाजारात कन्नड आत्मसात केलेल्या आणि महाविद्यालयात इंग्रजी वाचू लागलेल्या तरुण-तरुणींची संख्या मोठी आहे. त्यांपैकी अनेकांना लिहिण्याची आवड असते, घरी राहून कमावण्याची गरज असते आणि इंटरनेटवर लेखनाला पैसे मिळतात हेही त्यांनी ऐकलेले असते. मात्र सुरुवात कोठून करावी, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: परदेशी संकेतस्थळावर खाते उघडा आणि इंग्रजीत लेख लिहा. सीमाभागातील नवोदिताने तेथून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीत सर्वसाधारण लेख लिहून देणारे जगभर असंख्य आहेत आणि त्यांच्यातील स्पर्धा दर खाली ओढते. कन्नड मजकूर वाचून तो शुद्ध मराठीत मांडू शकणारे, शिवाय इथला ऊस, तंबाखू, यंत्रमाग आणि फाउंड्री यांची बोली जाणणारे लोक मात्र फार थोडे आहेत. तुमची खरी पुंजी ही आहे. म्हणून कामाचा शोधही तिच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

कोणते काम तुमच्या हाती आहे

सर्वांत पहिले काम कन्नड आणि मराठी यांच्यातील अनुवादाचे. इंग्रजीतून मराठीत आणणारे अनुवादक पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत, परंतु कन्नडमधून थेट मराठीत आणणारा माणूस शोधायचा झाला तर अनुवाद संस्थांना सीमाभागाकडेच पाहावे लागते. बेंगळुरूच्या कंपनीला आपले ॲप महाराष्ट्रात न्यायचे असते, महाराष्ट्रातील बियाणे किंवा खत कंपनीला आपली माहितीपत्रके अथणी-रायबागच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायची असतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्या पण बेळगाव जिल्ह्यात वडिलोपार्जित जमीन असलेल्या कुटुंबाला कन्नडमधील पहाणीपत्रकात, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, नेमके काय नोंदवले आहे हे मराठीत समजून घ्यायचे असते. यातील शेवटच्या प्रकारात एक काळजी अवश्य घ्यावी. तुम्ही दिलेला अनुवाद केवळ समजून घेण्यासाठी आहे, तो प्रमाणित अनुवाद नाही, हे कागदाच्या शिरोभागी लिहावे. न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात सादर करायचा कागद असेल तर ग्राहकाला सरळ वकिलाकडे पाठवावे.

दुसरे काम स्थानिक उत्पादनांच्या मराठी माहितीचे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील यंत्रसामग्री आणि हायड्रॉलिक सुटे भाग बनवणारे कारखाने, शहापूर-वडगावच्या साड्या, खानापूर भागातील मातीची कौले आणि भांडी, अथणी-निपाणीकडील चपला, बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट या सर्वांचा ग्राहक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. विक्रेत्याचे संकेतस्थळ असो किंवा व्हॉट्सॲपवरील कॅटलॉग असो, मजकूर बहुधा इंग्रजीत आणि तोही घाईने उतरवलेला असतो. इथे माहितीची किंमत होते. उदाहरणार्थ, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांसह कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर या चार जिल्ह्यांनाही लागू आहे. ज्या लेखकाला हे ठाऊक आहे तो निपाणीच्या विक्रेत्याला आपल्या चपलेचे वर्णन ठामपणे आणि खरेपणाने लिहून देऊ शकतो. ज्याला ठाऊक नाही तो विक्रेत्याचा हक्काचा मुद्दाच गाळून टाकतो.

याशिवाय रुग्णालयांच्या सूचना, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, खासगी शिकवण्यांचे मराठी साहित्य, यूट्यूबवरील शेतीविषयक चित्रफितींच्या संहिता आणि उपशीर्षके अशी कामे सतत निघत असतात. चंदगड तालुक्यातून, सिंधुदुर्गातून आणि गोव्यातून बेळगावला उपचारासाठी येणारे मराठी आणि कोंकणी भाषक रुग्ण पाहिले, तर रुग्णालयाला नीट मराठीत लिहिलेल्या सूचनापत्राची किती गरज आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र औषधांची मात्रा किंवा उपचाराचा सल्ला स्वतःच्या शब्दांत कधीही लिहू नये. डॉक्टरांनी दिलेल्या मजकुराचा अनुवाद करावा आणि छापण्यापूर्वी तो त्यांच्याकडून तपासून घ्यावा.

भाषा हाताळणाऱ्या संगणकप्रणालींसाठी मराठी आणि कन्नड वाक्ये तपासणे, ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणे, यंत्राने केलेला अनुवाद सुधारणे ही कामेही आता मिळतात. ती कंटाळवाणी असली तरी नवोदिताला शिस्त लावतात. कथा आणि ऑडिओ मालिका यांचे क्षेत्रही खुले आहे, परंतु तेथे वाचक किंवा श्रोते जमेपर्यंत उत्पन्न अनिश्चित राहते. म्हणून पोटापाण्याचा आधार म्हणून त्याकडे पाहू नये.

आधी करायची तयारी

मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर व मोबाइलवर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, करावे. सीमाभागातील छापखान्यांतून आणि डीटीपी केंद्रांतून श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट अजूनही वापरले जातात आणि अनेकांचा हात त्यांच्यावरच बसलेला असतो, पण त्या फॉन्टमधील मजकूर संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये वाचता येत नाही. विंडोजमध्ये मराठी कळफलक अंगभूत असतो आणि मोबाइलवर गूगलचा जीबोर्ड हा कळफलक चालतो. दीर्घकाळ हे काम करायचे असेल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळफलकरचना शिकावी. पहिले काही आठवडे हात अडखळतो, मात्र नंतर वेग टिकून राहतो, आणि याच रचनेवर कन्नडही जवळजवळ तशाच कळांनी टंकता येते, हा आपल्या भागातील माणसाला होणारा मोठा फायदा आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून (परिवर्तकातून) युनिकोडमध्ये आणला तर रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि जोडाक्षरे एकेक करून तपासावीत, कारण बिघाड नेमका तेथेच होतो.

शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करून या व्यवसायात टिकता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ मध्ये शासनमान्य झालेले नियम व १९७२ मध्ये त्यांत पडलेली भर, असे मिळून १८ नियम आहेत. ते छापून टेबलासमोर लावावेत. आपल्या बोलीवर कन्नडची छाया आहे. बोलताना ती गोड वाटते आणि तिच्याविषयी संकोच बाळगण्याचे काही कारण नाही, परंतु पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकासाठी लिहिताना वाक्यरचना प्रमाण मराठीत हवी. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ हे आपल्याकडे सहज बोलले जाते. लिहिताना ‘तो येतो असे म्हणाला’ असे लिहावे लागते. लिंगभेद, विशेषतः नपुंसकलिंगी नामांची विशेषणे आणि क्रियापदे, स्वतंत्रपणे पुन्हा वाचून पाहावीत. मजकूर पूर्ण झाल्यावर तो मोठ्याने वाचण्याची आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासण्याची सवय पहिल्या कामापासूनच लावून घ्यावी.

यानंतर नमुने. ग्राहक पदवीचे प्रमाणपत्र क्वचितच मागतो. तो पूर्वी लिहिलेले काहीतरी दाखवा, असे म्हणतो. काम मिळालेले नसताना नमुने कोठून आणावेत, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि त्याचे उत्तर सोपे आहे: ते स्वतः तयार करावेत. तीन पुरेसे आहेत, पण ते तुम्हाला ज्या प्रकारचे काम हवे आहे त्याच प्रकारचे असावेत. कर्नाटक शासनाच्या एखाद्या सार्वजनिक योजनेच्या कन्नड माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद, मूळ मजकूर शेजारी ठेवून, हा एक नमुना होऊ शकतो. एखाद्या स्थानिक उत्पादनाचे ३०० शब्दांचे वर्णन हा दुसरा. तिसरा नमुना ८०० ते १,००० शब्दांचा माहितीपर लेख असावा, ज्यासाठी तुम्ही प्रत्यक्ष कोणाशी तरी बोलला आहात, उदाहरणार्थ ठिबक सिंचनाकडे वळलेल्या ऊस उत्पादकाशी किंवा लघुउद्योगातील लेथ चालवणाऱ्या कामगाराशी. असा लेख घरबसल्या इंटरनेटवरून जुळवलेल्या लेखापेक्षा वेगळा आहे हे पहिल्या दोन परिच्छेदांतच कळते. ‘सकारात्मक विचारांचे महत्त्व’ यासारख्या विषयांवरील निबंध नमुना म्हणून मुळीच पाठवू नयेत. त्यातून तुमच्याविषयी काहीही समजत नाही. हे नमुने गूगल ड्राइव्हवर ठेवून त्यांचा दुवा कोणालाही उघडता येतो याची खात्री दुसऱ्याच्या मोबाइलवर करून घ्यावी.

काम मागावे कोणाकडे

पहिले वर्तुळ ओळखीच्या व्यवसायांचे. खडेबाजारातील दुकान, गावातील पतसंस्था, नात्यातल्या कोणाचा कारखाना, तालुक्याच्या ठिकाणची कृषी सेवा केंद्रे यांना तुमची गरज आहे हे बहुधा त्यांनाही जाणवलेले नसते. ते तुम्ही दाखवून द्यायचे असते. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे, आणि त्यापायी कित्येक जण वर्षानुवर्षे फुकट लिहून देत राहतात. विनामूल्य काम देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पत्रकासाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी जरूर करावे. व्यवसायाला मात्र दर सांगूनच लिहून द्यावे, मग तो व्यवसाय मामांचा का असेना.

चौकशीचे पत्र लहान असावे आणि त्यात तुमच्या आवडीनिवडींपेक्षा समोरच्याच्या गरजेविषयी अधिक असावे. उदाहरणादाखल एक मसुदा देत आहे:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या संकेतस्थळावरील यंत्रांची माहिती वाचली. ती सध्या केवळ इंग्रजीत आहे. कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगलीकडील लहान कारखानदारांना ती मराठीत उपलब्ध झाली तर चौकशी करणे सोपे जाईल, असे वाटते. मी मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत लेखन व अनुवाद करते. आपल्याच एका उत्पादनाच्या माहितीचा पहिला परिच्छेद मराठीत करून सोबत जोडला आहे. संपूर्ण पान सुमारे ८०० शब्दांचे असून त्याचे मानधन १,२०० रुपये आणि मुदत चार दिवसांची राहील. एका वेळची दुरुस्ती यात समाविष्ट आहे. आपण होकार कळवल्यास अटी लिहून पाठवते.’

या पत्रात स्वतःच्या कामाचा तुकडा आहे, आकडा आहे, मुदत आहे आणि पुढे काय होईल हेही आहे. ‘मला लेखनाची खूप आवड आहे, एक संधी द्यावी’ असे पत्र वाचून समोरचा माणूस सहानुभूती दाखवतो, काम देत नाही. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी आणि मग पुढे जावे.

दुसरे वर्तुळ अनुवाद संस्थांचे. पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली येथील अशा संस्था स्वतंत्र अनुवादकांची यादी ठेवतात. त्यांच्या संकेतस्थळावरील अर्जात भाषाजोडी नेमकी लिहावी: ‘कन्नड ते मराठी’ आणि ‘इंग्रजी ते मराठी’. मराठी ते कन्नड ही जोडी तुमचे लिखित कन्नड खरोखर छापण्याजोगे असेल तरच लिहावी. बाजारात बोलता येणे आणि छापील कन्नड निर्दोष लिहिणे यांत अंतर आहे, आणि या बाबतीत प्रामाणिक राहण्यातच तुमचे नाव टिकते. संस्था बहुधा लहानशी चाचणी घेतात. २०० ते ३०० शब्दांची चाचणी रास्त आहे; त्याहून मोठा मजकूर चाचणी म्हणून मागितला तर त्याचे मानधन मागावे. प्रोझ या १९९९ पासून चालणाऱ्या अनुवादकांच्या संकेतस्थळावर भाषाजोडीनुसार नोंद करता येते, आणि तेथील ब्लू बोर्ड या विभागात संस्था पैसे वेळेवर देतात की नाही याविषयी अनुवादकांनी दिलेले अभिप्राय असतात. लिंक्डइनवर तुमच्या नावाखाली केवळ ‘कंटेंट रायटर’ असे न लिहिता ‘कन्नड-मराठी अनुवादक, कृषी आणि लघुउद्योग’ असे लिहावे, म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल.

अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर ही स्वतंत्र काम करणारे आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारी परदेशी संकेतस्थळे ही तिसरी पायरी आहे. फायव्हर लेखकाच्या कमाईतून २० टक्के रक्कम कापून घेते. अपवर्कवर प्रस्ताव पाठवण्यासाठी ‘कनेक्ट्स’ नावाचे गुण खर्च करावे लागतात आणि ते संपले की विकत घ्यावे लागतात. त्यामुळे दिसेल त्या कामावर प्रस्ताव टाकत बसणे परवडत नाही. ज्या कामाच्या वर्णनात मराठी किंवा कन्नड असा स्पष्ट उल्लेख आहे, ज्या ग्राहकाने पूर्वी पैसे दिल्याची नोंद दिसते आणि ज्याची पैसे देण्याची पद्धत पडताळलेली आहे, अशाच कामांसाठी अर्ज करावा. तेथे भेटलेला ग्राहक ‘बाहेरून व्यवहार करू’ असे म्हणाला तर नकार द्यावा. नियमांनी तो प्रकार वर्ज्य आहे, खाते बंद होऊ शकते, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा उरत नाही.

दर कसा ठरवावा

प्रतिशब्द दर विचारला की नवोदित गडबडून जातो आणि ऐकलेला एखादा आकडा सांगून मोकळा होतो. त्याऐवजी तासांचा हिशेब करावा. समजा, १,२०० शब्दांच्या लेखासाठी माहिती गोळा करायला दोन तास, लिहायला तीन तास आणि दुरुस्तीला एक तास लागतो. ५० पैसे प्रतिशब्द दराने त्याचे ६०० रुपये होतात, म्हणजे तासाला १०० रुपये. यातून इंटरनेटचा खर्च, वीज, काम शोधण्यात गेलेला बिनपगारी वेळ आणि कर वजा करावे लागतात. उरलेली रक्कम तुम्हाला मान्य आहे का, हे तुमचे तुम्हीच ठरवायचे असते. परंतु न मोजता होकार देणे हे मात्र चुकीचे आहे. पहिली चार-पाच कामे कमी दराने करायला हरकत नाही, पण हा दर सुरुवातीचा आहे आणि पुढील कामापासून तो वाढेल, हे ग्राहकाला तेव्हाच लिहून कळवावे. कन्नडमधून मराठीत येणाऱ्या कामाचा दर इंग्रजीतून येणाऱ्या कामापेक्षा अधिकच ठेवावा, कारण ते करणारे कमी आहेत. असे असूनही हा दर कमी सांगणारे आपले लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

अनुवादात शब्द मूळ मजकुरातले मोजायचे की अनुवादातले, हे आधी ठरवावे. कन्नडमध्ये प्रत्यय आणि संधी यांमुळे एका शब्दात पुष्कळ आशय मावतो, त्यामुळे तोच मजकूर मराठीत आणला की शब्दसंख्या बहुधा वाढते. मूळ शब्दांवर दर ठरला तर हा फरक हिशेबात धरावा.

अटी, बिल आणि कर

काम सुरू करण्यापूर्वी कामाचे स्वरूप, शब्दसंख्या, मुदत, मानधन, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि पैसे कधी मिळणार या सहा गोष्टी ईमेलने लिहून घ्याव्यात. व्हॉट्सॲपवरचा होकारही काही नसण्यापेक्षा बरा. नवीन ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. जो ग्राहक ५०० रुपयेसुद्धा आधी द्यायला तयार नसतो, तो काम झाल्यावर हजारो रुपये सहजी देईल, असे मानायला आधार नाही.

लेखनाचा हक्क कोणाकडे राहणार, हेही स्पष्ट असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला लेखक हा आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी करावे लागते. हस्तांतरणाच्या त्या करारात कालावधी नमूद नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांसाठी आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरते धरले जाते. उत्पादनाच्या वर्णनासाठी सर्व हक्क देऊन टाकायला हरकत नाही. कथा किंवा मालिका देताना मात्र कराराचा प्रत्येक परिच्छेद वाचावा आणि न कळलेल्या कलमाखाली सही करू नये.

बिलावर क्रमांक, तारीख, दोघांची नावे व पत्ते, कामाचे वर्णन, शब्दसंख्या, दर, एकूण रक्कम, पॅन, बँक खाते आणि आयएफएससी कोड असावा. देशातील ग्राहक यूपीआय किंवा बँकेद्वारे पैसे देतात. परदेशातून पेपाल, पेओनिअर किंवा वाइज यांच्यामार्फत रक्कम येते. १ एप्रिल २०२१ पासून पेपालने भारतातील देशांतर्गत व्यवहार बंद केले असल्याने ते केवळ परदेशी ग्राहकासाठीच उपयोगी आहे. प्रत्येक परदेशी रकमेची पावती जपून ठेवावी.

कंपनीने तुमच्या बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा कर, कापला तर घाबरू नये. व्यावसायिक मानधनावर ही कपात होते; एका ग्राहकाकडून वर्षभरात मिळणाऱ्या रकमेची त्यासाठीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली आहे. पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते. तुमचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते, आणि ती अनेक जण अज्ञानामुळे सोडून देतात. जीएसटीविषयी आपल्या भागात एक वेगळी शंका विचारली जाते: बेळगावात बसून पुण्याच्या ग्राहकाला सेवा दिली तर ती आंतरराज्य सेवा ठरते, मग नोंदणी सक्तीची आहे का? सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर आंतरराज्य सेवेसाठीही नोंदणीतून सूट आहे. ऑक्टोबर २०१७ पासून ती लागू आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म उद्योग म्हणून स्वतःची सरकारी नोंद, मात्र प्रत्येकाने सुरुवातीलाच करावी, असा माझा आग्रह आहे. केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅनच्या साहाय्याने ती विनामूल्य होते. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. ग्राहक भारतात कोठेही असला तरी तुम्ही ज्या राज्यात आहात तेथील सुविधा परिषदेकडे, म्हणजे या कायद्याखाली थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, तक्रार करता येते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या थकबाकीसाठी तेथे हेलपाटे घालावे लागत नाहीत. थकलेल्या बिलाची आठवण करून देणाऱ्या पत्रात या कायद्याचा एका ओळीत सभ्य उल्लेख केला, तरी पुष्कळदा काम भागते.

फसवणूक ओळखण्याच्या खुणा

काम देण्यासाठी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागणारा माणूस काम देणारा नसतो, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. कादंबरीची छायाचित्रे पाहून पाने टंकून देण्याचे काम, तेही भरघोस मोबदल्याचे, हा एक जुना सापळा आहे. त्यात आधी करारावर सही घेतली जाते, मग कामात चुका दाखवल्या जातात, आणि शेवटी वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागितला जातो. अशा नोटिशीने घाबरून पैसे भरू नयेत. टेलिग्रामवर अभिप्राय लिहिण्याची किरकोळ कामे देऊन आधी थोडे पैसे देणे आणि नंतर गुंतवणूक मागणे, हा दुसरा प्रकार आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर होतो तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी होते. मुलींना घरी बसून काम हवे असते हे हेरूनच यांतल्या अनेक जाहिराती दिल्या जातात, म्हणून घरातल्यांनाही याची कल्पना देऊन ठेवावी.

यंत्राची मदत

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मराठी लिहितात, परंतु त्यांचा मजकूर जसाच्या तसा देणे म्हणजे स्वतःची गरजच संपवणे होय. कन्नड मजकुरातील स्थानिक शब्द, पिकांची व जमिनीच्या मोजमापांची नावे, महसूल खात्याच्या संज्ञा यांत ती ठळकपणे चुकतात आणि चुकीचा मजकूरही आत्मविश्वासाने मांडतात. आराखडा काढण्यासाठी किंवा शब्दाचा पर्याय सुचवण्यासाठी त्यांचा उपयोग करावा, ग्राहकाने विचारल्यास तसे सांगावे, आणि ग्राहकाचा गोपनीय कागद त्याच्या परवानगीशिवाय अशा साधनात टाकू नये.

काम टिकवण्याविषयी

दिलेली तारीख पाळणारा लेखक दुर्मीळ असतो, त्यामुळे तेवढ्यानेच तुमचे नाव पुढे जाते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी भागात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. तेथे राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात मुदत सांगताना एक-दोन दिवस राखूनच सांगावेत, मजकूर ऑफलाइन लिहावा आणि फाइल शेवटच्या तासापर्यंत थांबवून न ठेवता आदल्या दिवशी पाठवावी. उशीर होणारच असेल तर मुदत उलटण्यापूर्वी कळवावे. प्रत्येक ग्राहकासाठी संज्ञांची एक यादी ठेवावी: कोणता शब्द कसा लिहायचा, कोणता इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा, उत्पादनाचे नाव कसे छापायचे. दुसऱ्या कामाच्या वेळी ही यादी पाहून ग्राहकाला कळते की हा माणूस आपले काम लक्षात ठेवतो, आणि मग तो दुसरा लेखक शोधत नाही.

सुरुवातीचे काही महिने उत्पन्न अनियमित राहील, म्हणून हातातली नोकरी किंवा शिकवणी लगेच सोडू नये. दर महिन्याला पाठवलेली पत्रे, आलेली उत्तरे, झालेली कामे आणि मिळालेले पैसे एका वहीत नोंदवावेत. कोणत्या प्रकारच्या ग्राहकाकडून काम येते आणि कोणाकडून केवळ चौकशी येते, हे त्या नोंदींतून दिसू लागते. ज्या ग्राहकाने वर्षभरात तीन-चार वेळा काम दिले आहे, त्याला मार्चमध्ये पत्र लिहून १ एप्रिलपासून लागू होणारा नवा दर कळवावा, आणि सोबत त्याने आजवर करून घेतलेल्या कामांची यादी जोडावी.